बिअरने मांस मऊ होत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत बिअरमध्ये शिजवलेल्या बीफची पाककृती वाचली. पदार्थ फार चांगला निवडला आहे, पण ‘बिअरमुळे मांस लवकर मऊ पडतं, म्हणून मध्यम आचेवर एक तास पुरे’ या एका वाक्याने त्याचा पार विचका केला. त्यावर विसंबून ज्यांनी दीड किलो मांस आणि दोन बाटल्या बिअर पातेल्यात ओतली असेल, त्यांच्या ताटात कडू पाणी आणि रबरी तुकडे पडले असणार, आणि दोष त्यांनी स्वतःच्या हाताला दिला असणार. तो त्यांचा नाही. खुलासा दोन ओळींत होण्यासारखा नसल्यामुळे पत्र लांबलं आहे. पदार्थही सावकाशीचाच आहे.

बिअर थोडी आंबट असते हे खरं, पण मांस मऊ करण्याइतका जोर त्या आंबटपणात नाही. रात्रभर भिजवून ठेवलं तरी तिची चव वरच्या काही मिलिमीटरच्या आत जात नाही. मांस मऊ करतात दोनच गोष्टी, उष्णता आणि वेळ. खांदा, पोटरी, गाल हे जनावराचे राबणारे भाग. तिथले स्नायू ज्या पांढुरक्या, चिवट जाळ्याने बांधलेले असतात, ते कोलॅजन. मांस ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की स्नायूंचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन मात्र सत्तरीच्या पुढे कुठे सुटायला लागतं, आणि ८५ ते ९५ अंशांना तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. हेच जिलेटिन कोरड्या धाग्यांना पुन्हा ओशट करतं आणि रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा देतं. म्हणजे तासा-सव्वा तासाला मांस सर्वांत वाईट अवस्थेत असतं: पाणी निघून गेलेलं, जिलेटिन अजून आलेलं नाही. आपल्या पाककृतीत गॅस नेमका इथे बंद करायला सांगितला आहे.

मांसाची निवडही उलटी सुचवली आहे. ‘उत्तम प्रतीचं, बिनचरबीचं’ मांस या कामाला निरुपयोगी. अंडरकट किंवा मागच्या मांडीचा गोळीबंद तुकडा यांत विरघळायला कोलॅजनच फारसं नसतं, त्यामुळे तीन तास शिजवा की पाच, ते फक्त सुकत जातं. सर्वांत भरवशाचा भाग खांद्याचा, म्हणजे चक. पोटरीचं मांस त्याहून चिकट रस्सा देतं, पण अर्धा-पाऊण तास जास्त मागतं. गाल मिळाले तर सोडू नयेत. त्यांच्यावरची जाड रुपेरी साल तेवढी सुरीने सोलून काढावी, कारण ती किती शिजवली तरी चामड्यासारखी राहते. बाकी आत दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा कापून टाकायचा मोह आवरावा. रश्शाचं सगळं भांडवल त्यांच्यातच आहे.

सहा जणांसाठी दीड किलो मांस घ्यावं. शिजून वजन जवळपास एक तृतीयांश घटतं, म्हणून हा आकडा मोठा वाटला तरी तो तसाच ठेवावा. तुकडे ४ ते ५ सेंटिमीटरचे हवेत. दोन सेंटिमीटरचे केले तर परततानाच ते आतपर्यंत शिजतात आणि शेवटी नुसता चुरा उरतो. मांसाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे १५ ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून ताट झाकण न घालता फ्रीजमध्ये ठेवलं, तर मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. सुकण्याचा फायदा पुढे दिसेलच.

आता बिअर. ‘कोणतीही चालेल’ हे पाककृतीतलं दुसरं घातक वाक्य. पातेल्यात बिअर आटते, पण तिचा कडूपणा आटत नाही, तो दाट होत जातो. हॉप्समधून, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या कडू फुलांमधून, आलेली द्रव्यं वाफेबरोबर उडून जात नाहीत. पेल्यात गार असताना तरतरीत वाटणारी आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर, अर्ध्यावर आटली की काढ्यासारखी लागते. बिअरचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. आयपीए साधारण ४० ते ७० मध्ये असते, आणि इथे लागते २५च्या आतबाहेरची. हा पदार्थ ज्यांचा, त्या बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये, तिथे त्याला स्टोफ्लेस आणि फ्रेंचमध्ये कार्बोनाद म्हणतात, तपकिरी आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, गोडसर चवीकडे झुकणारी बिअर वापरतात. औडेनार्डे भागातली आंबटगोड औड ब्रुइन किंवा मठांच्या परंपरेतली डुबेल, दोन्ही याच पट्ट्यात बसतात. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा स्वयंपाकातला तिचा वापरही त्या वर्णनात होता. या बिअर मिळाल्या नाहीत तर जर्मन धाटणीची डार्क लागर किंवा बॉक, किंवा साधी ब्राउन एल घ्यावी. आयरिश पद्धतीचा स्टाउटही चालतो. मात्र त्यातल्या भाजलेल्या जवाचा स्वतःचा वेगळा कडूपणा असतो, म्हणून अर्धा स्टाउट, अर्धं स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) असं प्रमाण ठेवून सात-आठ सुके आलुबुखारे किंवा दोन गाजरं घालावीत.

बाटलीवर आयबीयू छापलेला नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. १०० मिली बिअर लहान पातेलीत ओतून आटवावी. आधी फेस वर येतो, मग तो बसतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, आणि ३० मिलीच्या आसपास पातेलीच्या कडेला मधाच्या रंगाची रेघ धरते. ते थेंब गार करून चाटावेत. पावाची साल, काकवी, मनुका असं काही आठवलं तर बिअर कामाची. जिभेच्या मुळाशी कडू रेंगाळत राहिलं तर उरलेली बाटली प्यायला ठेवावी, पातेल्यात घालू नये. पाच मिनिटांची ही चाचणी तीन तासांचा पश्चात्ताप वाचवते.

परतण्याबद्दल पाककृतीत ‘मांस सोनेरी होईपर्यंत परता’ एवढंच आहे, आणि सगळं मांस एकदम टाकायला सांगितलं आहे. दीड किलो मांस एकदम पडलं की भांड्याचं तापमान कोसळतं, मांसाला पाणी सुटतं आणि ते स्वतःच्याच पाण्यात राखाडी होऊन शिजतं. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी खमंगपणाला साधारण १४० लागतात. म्हणून तुकडे कोरड्या फडक्याने टिपून घ्यावेत, जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवावं, आणि मांस तीन हप्त्यांत, तुकड्यांमध्ये बोटभर जागा ठेवून लावावं. लावल्यावर तीन-चार मिनिटं हलवू नये. तुकडा बुडाला चिकटला असेल तर तो अजून तयार नाही. तयार झाला की आपोआप सुटतो. सहाही बाजू रंगवत बसायची गरज नाही, दोन बाजू गडद झाल्या की पुरे. सगळ्या बाजू कडक भाजल्या तर बाहेर टणक साल धरते आणि ती शेवटपर्यंत पूर्ण मऊ होत नाही.

प्रत्येक हप्त्यानंतर बुडाकडे बघावं. तिथे बसलेली खरवड तपकिरी असेल तर ती सोन्यासारखी जपावी. काळी झाली असेल तर निर्दयपणे पुसून टाकावी आणि नवं तेल घ्यावं, कारण ती जळकी चव नंतर बिअरच्या कडूपणात मिसळते आणि मग दोष नेमका कुणाचा ते कळतही नाही.

कांदे ८०० ग्रॅम, उभे चिरलेले. हा आकडा छापील पाककृतीत दोन कांद्यांवर आला आहे. रश्शाचं अर्धं अंग कांद्याचं असतं, तिथे कंजुषी करून उपयोग नाही. पातेल्यात ५० ग्रॅम लोणी, कांदे आणि चिमूटभर मीठ. पहिल्या पाच मिनिटांत कांद्याला जे पाणी सुटतं, त्यातच लाकडी उलथन्याने खरवड खरवडून घ्यावी. पुढे मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं, कांदा मऊ आणि तांबूस होईपर्यंत. इथे साखरेने रंग आणायचा शॉर्टकट मारू नये. साखर करपली की पुन्हा तोच कडूपणा. मग दोन मोठे चमचे मैदा घालून दोन मिनिटं परतावा, नाहीतर कच्च्या पिठाचा वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

बिअर ६६० मिली, म्हणजे ३३० मिलीच्या दोन बाटल्या, फ्रीजमधून आधीच बाहेर काढून ठेवलेली. गरम पातेल्यात ती दुधासारखी उतू जाते, म्हणून एका अंगाने, दोन-तीन टप्प्यांत ओतावी. झाकण न घालता पाच मिनिटं उकळू द्यावी, वर येणारा राखट फेस काढावा. नंतर २५० मिली बिनमिठाचं किंवा कमी मिठाचं स्टॉक, एक मोठा चमचा ब्राउन शुगर, थाइमच्या चार काड्या, दोन बे-लीफ. बे-लीफ म्हणजे तमालपत्र नव्हे. तमालपत्राला दालचिनीची झाक असते आणि ती इथे उपरी वाटते. बे-लीफ नसेल तर सरळ वगळावं. मांस आणि ताटात साचलेला त्याचा रस परत आत. द्रव मांसाच्या तीन चतुर्थांश उंचीपर्यंतच यावा. मांस बुडून वर चार बोटं पाणी असेल तर ते उकडलेलं मांस होतं आणि रस्सा पातळ राहतो.

फ्लँडर्समधली एक युक्ती हौसेपोटी नव्हे, गरज म्हणून करावी. पावाच्या दोन स्लाइसच्या कडा काढून त्यांना दोन चमचे तिखट मस्टर्ड फासायचं आणि मस्टर्डची बाजू खाली करून त्या मांसावर अंथरायच्या. तासाभरात पाव भिजून खचतो, दीड तासाने ढवळला की रश्शात नाहीसा होतो. रस्सा दाटही होतो आणि बिअरच्या गोडव्याला मस्टर्डची धारही मिळते. काहीजण पावाऐवजी मसाल्याचा गोड जिंजरब्रेड वापरतात. तो घेतला तर साखर वगळावी. पाव मात्र दोनच. चार घातले की रश्शाची खळ होते.

झाकण घट्ट लावून पातेलं १५० अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास ठेवावं. ओव्हनची शिफारस यासाठी की उष्णता सगळीकडून सारखी येते आणि पाव-मैद्याचा रस्सा बुडाला लागत नाही. गॅसवर करायचं तर सर्वांत लहान बर्नर, खाली जाड तवा, आणि दर २० मिनिटांनी बुडापासून हलवणं. रश्शाकडे पाहावं: एखादा बुडबुडा इथे फुटावा, मग थोडं थांबून दुसरा तिथे. खदखदा उकळी म्हणजे धागे जास्त आवळणार, चरबी रश्शात फेटली जाऊन तो गढूळ आणि तेलकट होणार. ‘मध्यम आच’ म्हणजे हीच उकळी.

दीड तासाने तुकडा चावून पाहिला तर तो चिवटच लागेल. इथेच धीर सुटतो आणि आच वाढवली जाते. तसं न करता पुन्हा झाकण लावावं. तयार झाल्याची खूण घड्याळात शोधू नये. काटा तुकड्यात खुपसून अर्धा वळवावा. धागे एकमेकांपासून सुटले, पण तुकडा जागच्या जागी राहिला तर झालं. हात लावताच त्याचा लगदा झाला तर वेळ निघून गेली आहे. अतिशिजलेल्या मांसाचे धागे सुटे आणि कोरडे होतात, रस्सा कितीही चांगला असला तरी.

प्रेशर कुकरबद्दल वाचक विचारणारच. त्यात मांस चांगलं होतं, रस्सा आपोआप होत नाही. बंद भांड्यात काही आटत नसल्याने बिअर आधीच उघड्यावर दोन तृतीयांशापर्यंत आटवून घ्यावी, स्टॉक १५० मिलीवर आणावं, मैदा-पाव आत घालू नये कारण ते बुडाला लागतात. दाब आल्यावर ४० मिनिटं, आणि मग वाफ आपली आपण उतरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ काढली की तुकड्यांच्या आतला रस एकदम उकळून बाहेर पडतो आणि मांस धाग्या-धाग्यांत फाटतं. नंतर तुकडे बाजूला काढून रस्सा उघड्यावर आटवावा आणि मस्टर्डचा पाव त्याच वेळी घालावा.

‘अल्कोहोल लगेच उडून जातो’ असंही पाककृतीत आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार मंद शिजवलेल्या पदार्थात एका तासाने मूळ अल्कोहोलचा साधारण २५ टक्के भाग उरतो, अडीच तासांनी ५ टक्के. घरात लहान मुलं असतील, किंवा पाहुण्यांपैकी कुणी आजारपणामुळे अथवा श्रद्धेमुळे मद्य वर्ज्य करत असेल, तर त्यांना आधी सांगावं. ते ‘नगण्य’ आहे की नाही हे त्यांनी ठरवायचं.

शेवटी चव जुळवणं. एक मोठा चमचा माल्ट किंवा साइडर व्हिनेगर गॅस बंद करण्याच्या पाच मिनिटं आधी घालावं. औड ब्रुइनसारखी आंबट बिअर असेल तर अर्धाच चमचा. रस्सा पातळ वाटला तर मांस काढून मोठ्या आचेवर आटवावा, पण मीठ त्यानंतरच पाहावं. रस्सा कडू झालाच तर साखर ओतत सुटू नये, तो कडू आणि गोड दोन्ही होतो. आधी मीठ पुरेसं आहे का ते बघावं. मीठ कडूपणा दबवतं, आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. मग किसलेलं गाजर किंवा लोण्याचा तुकडा. त्यापलीकडे इलाज नाही.

आता सोबतच्या पदार्थांकडे येऊ. पाककृतीच्या शेवटी ‘सोबत आवडीप्रमाणे काहीही’ असं लिहून लेखिकेने हात झटकले आहेत. त्याच पानावर चीज घातलेल्या बटाट्यांचा, मलईतल्या पालकाचा आणि लसूण-लोण्याच्या पावाचा फोटो आहे. भरभक्कम जेवण म्हणजे जडावर जड रचणं नव्हे. मांसात चरबी, रश्शात जिलेटिन आणि लोणी, वर आणखी मलई-चीज आलं की तिसऱ्या घासाला जीभ थकते. ताटात रस्सा शोषणारं एक काहीतरी हवं, आंबट-गोड एक हवं, आणि कच्चं किंवा कुरकुरीत थोडंसं.

शोषण्याच्या कामात बटाट्याला तोड नाही, पण तो पातेल्यात टाकू नये. आंबट द्रवात भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून बिअरच्या रश्शात बटाट्याच्या फोडी तासभरानंतरही मधोमध कडक राहतात. नंतर एकदम शिजल्या की रस्सा पिठूळ करतात. ते वेगळे करावेत. मॅशसाठी एक किलो पिठूळ जातीचे बटाटे सारख्या आकारात चिरून गार, मिठाच्या पाण्यात चढवावेत. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आतून कच्चे राहतात. शिजल्यावर पाणी निथळून त्याच गरम भांड्यात मिनिटभर मंद आचेवर हलवावेत, कडेवर पांढरी पावडर दिसेपर्यंत. तेवढं पाणी गेलं नाही तर मॅश बेचव लागतो. मग चाळणीतून किंवा मॅशरने दाबून आधी १०० ग्रॅम लोणी, नंतर २०० मिली गरम दूध थोडं थोडं. मिक्सर अजिबात नको. पात्यांनी स्टार्च फुटून बाहेर येतो आणि बटाट्याचा डिंक होतो. तो दुरुस्त करता येत नाही.

बेल्जियन ताटात याचाच धाकटा, जास्त रांगडा भाऊ असतो, स्टुम्प. ८०० ग्रॅम बटाटे आणि ४०० ग्रॅम गाजर किंवा लीक (कांद्याच्या जातीची जाड पात) एकत्र मऊ करून ओबडधोबड ठेचायचे, वर थोडं किसलेलं जायफळ. मॅशपेक्षा हाच जास्त शोभतो, कारण गाजराचा गोडवा बिअरच्या कडसरपणाला टेकू देतो, आणि गाठी राहिल्या तर त्या दोष मानल्या जात नाहीत.

फ्लँडर्समध्ये मात्र स्टोफ्लेस म्हटलं की फ्राइज. बटाट्याच्या १ सेंटिमीटर जाड कांड्या धुऊन, अगदी कोरड्या करून १५० अंशांच्या तेलात पाच-सहा मिनिटं तळायच्या. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त आत शिजवायचं. अर्धा तास पसरून गार करायच्या, मग १८० ते १९० अंशांत दोन-तीन मिनिटं. पहिली तळणी वगळली तर बाहेर लाल, आत कच्चं. मधली विश्रांती वगळली तर वाफ आतच राहते आणि टेबलावर येईस्तोवर कांड्या लुळ्या पडतात. एका वेळी मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त टाकू नयेत, तेल गार होतं. रस्सा शेजारच्या वाटीत द्यावा. फ्राइजवर ओतलेला रस्सा पहिली दोन मिनिटं स्वर्गीय असतो, नंतर सगळं भिजून बसतं.

बटाटा नको असेल तर लोण्यात घोळवलेल्या रुंद नूडल्स चालतात. बार्लीही चालते. २०० ग्रॅम बार्ली ७०० मिली मिठाच्या पाण्यात ४० ते ४५ मिनिटं शिजवावी. बार्ली म्हणजे जव, आणि बिअरही त्याचीच होते, त्यामुळे चवी अनोळखी वाटत नाहीत.

आंबट-गोडाच्या जागी लाल कोबी. एक किलो कोबी बारीक चिरून, दोन आंबट सफरचंदांच्या फोडी, ३० ग्रॅम लोणी, तीन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा साखर, दोन लवंगा, अर्धी वाटी पाणी, झाकण घालून मंद आचेवर तासभर. व्हिनेगर सुरुवातीलाच घालायचं. कोबीतलं रंगद्रव्य आंबट नसलेल्या पाण्यात निळं-जांभळं पडतं आणि पदार्थ शाईत बुडवल्यासारखा दिसतो. घाबरू नये, व्हिनेगर पडताच तो पुन्हा लालसर होतो. पण सुरुवातीला घातलेल्या व्हिनेगरने कोबी गिळगिळीत न होता दाताखाली थोडा उरतो, हा खरा फायदा. हा कोबीही दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून मांसाबरोबर आदल्या दिवशीच करून ठेवावा.

विटलोफ, म्हणजे बेल्जियमची फिकट, कोंबासारखी चिकोरी, या ताटात पारंपरिक आहे, पण ती स्वतः कडू असते. बिअर आधीच कडसर उतरली असेल त्या दिवशी तिला सुट्टी द्यावी. एरवी तिची पानं कच्चीच, सफरचंदाच्या काड्या, लिंबू आणि मस्टर्ड लावून द्यावीत. कच्चं-कुरकुरीत यापेक्षा सोपं काही नाही. तेही नको असेल तर लहान काकडीचं व्हिनेगरमधलं लोणचं, प्रत्येकी दोन. एवढंसं आंबट तोंडात आलं की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

मांस आदल्या दिवशी करावं हे जाता जाता म्हटलं, पण ती घाईच्या वेळची सोय नव्हे, पद्धतच आहे. रात्रभरात बिअरची टोकं बोथट होतात, मीठ सारखं पसरतं, आणि वर गोठलेली चरबी चमच्याने अख्खी उचलता येते. मात्र जड पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवून देऊ नये. खोल भांड्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. रस्सा पसरट भांड्यांत काढून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तिथे तीन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी तो जेलीसारखा थरथरताना दिसला तर समजावं की मांस योग्य निवडलं होतं. गरम करताना पुन्हा मंद आच, झाकण, अर्धा तास, तळापासून वाफाळेपर्यंत. मोठ्या आचेवर ढवळलं तर काल जपलेले तुकडे आज मोडतात.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापताना तीन बदल ठळक द्यावेत: ‘एक तास’च्या जागी ‘अडीच ते तीन तास’, ‘बिनचरबीचं मांस’च्या जागी ‘खांद्याचं किंवा पोटरीचं’, आणि ‘कोणतीही बिअर’च्या जागी ‘तपकिरी, कमी कडू बिअर’. आणि ज्यांच्या फ्रीजमध्ये त्या एक तासाच्या पाककृतीचे चिवट तुकडे अजून पडून असतील, त्यांनी ते टाकू नयेत. वर सांगितल्याप्रमाणे वेळेत फ्रीजमध्ये गेले असतील आणि तीन-चार दिवसांच्या आतले असतील, तर कपभर बिनमिठाचं स्टॉक घालून, झाकण लावून १५० अंशांत आणखी दीड ते दोन तास ठेवावेत. मांस खांद्याचं असेल तर ते अजूनही मऊ होईल.

आपली,
एक वाचक